विभूतीची तीन बोटं

...आन् वर मलाच म्हणत्यात, महांतेशअप्पा, तुमी जळता! मी? जळीन कावून? तेलगावात भर चौकात माझं किराणा दुकान हाय, दुकानाम्होरं ओटा हाय, ओट्यावर सोंगट्यांचा पट हाय... मला काय कमी हाय?

तुमाला सांगतो, वीस वर्सं झाली, ह्या ओट्यावर पट मांडतोय. निस्त्या कवड्या फेकायच्या न्हाईत बरं का! ज्यानं त्यानं आपल्या सोंगटीला नाव द्यायचं, अन् तिची कथा मी सांगायची. राजा येशीत अडकला, राणीनं पुरातली सिंदफणा वलांडली... एकदा मुंजाजी धनगराची सोंगटी मरायला टेकली, तर गडी जागचा हलंना. तवर त्याच्या मेंढरांनी सुंदररावाचा आख्खा हरभरा साफ केला!

अन् अवंदा, सत्त्याण्णव सालात, समोरचा कापडवाला केदारनाथ औरंगाबादला गेलता, तिथनं व्हिडिओ गेम घेऊन आला. टीव्हीला वायर जोडायची, कॅसेट घालायची, की एक बुटकं माणूस निस्तं पळतंय, उड्या मारतंय. त्याला नाव न्हाई, गाव न्हाई, कुठं निघालंय ते बी ठावं न्हाई. तरी सगळा ओटा उठून तिकडं! मुंजाजी गेला, सुंदरराव गेला, अन् आमची कावेरी... ती तर वाटीभर साखर मागायला म्हणून गेली. किराणावाल्याची बायको, कापडवाल्याकडं, साखर मागायला!

केदारनाथ मान वाकडी करून म्हणतो कसा, 'अप्पा, हे सायन्स हाय. समाज पुढं चाललाय, तुमी पटावरच बसलाव.' ह्याचं कापड पहिल्या धुण्यात आटतंय, अन् निघाला समाज पुढं न्यायला! पण मी जळत न्हाई.

मग आली खंडेनवमी. गल्लीतल्या काट्या-मापांची पूजा दरसाल माझ्याच हातनं. केदारनाथानं कापड मोजायचा गज मांडला, कात्री मांडली, शेजारी गेम मांडला अन् म्हणला, 'अप्पा, पूजा उरकली की पहिला डाव तुमचा.' खरं सांगतो, लई बरं वाटलं. दोन महिने दाराच्या फटीतनं बघत होतो ओ... ते बुटकं तिसऱ्या खड्ड्यात कावून पडतंय हे मला पाठ झालतं! त्या आनंदात तांब्याभर पाणी शिंपडलं, विभूती चांगली पातळ कालवली अन् गेमच्या कपाळावर तीन बोटं वढली... बरोब्बर कॅसेटच्या खाचेवरनं. फूल वाहिलं, ओवाळलं. केदारनाथानं बटण दाबलं, तर टीव्हीवर निस्त्या मुंग्या.

आता गेम गेलाय दुरुस्तीला औरंगाबादला. अन् गल्ली म्हणती, अप्पानं जळून मुद्दाम केलं! समदे माझ्या ओट्यावर परत आलेत, पट मांडलाय, पण कवडीला कुणी हात लावंना. एसटी आली की सगळ्यांच्या माना रस्त्याकडं. अन् 'केदारनाथ, आला का ओ गेम?' म्हणून सगळ्यात आधी कोण वरडतं?

मीच! मी जळत न्हाई ओ... फकस्त पहिला डाव माझा ठरलाय, तेवढं ध्यानात ठेवा म्हणतो.