लेखन कौशल्याचा शंभर टक्के निकाल

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, संस्थेचे सचिव आदरणीय शिवशंकरअप्पा, माननीय प्राचार्य, सत्कारमूर्ती दयानंद सर, सौ. महादेवीताई, सहकारी प्राध्यापक आणि लोहा-मुदखेडच्या गावागावांतून आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो, सर्वांना मनापासून नमस्कार.

सरांविषयी चांगलं बोलणं अवघड नाही. लेखन कौशल्याचा अभ्यासक्रम त्यांनीच आपल्या कॉलेजात उभा केला. चार ओळी न जमणाऱ्या पोरांकडून अर्ज, वृत्तान्त, निरोपाचं भाषण सगळं घोटून घेतलं. निकाल शंभर टक्के! प्राचार्यांनी तो आत्ता सांगितला तेव्हा टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत. सर, रागावू नका. उद्यापासून तो वर्ग मला घ्यायचा आहे, म्हणून बोलते.

शिवकन्या आठवते? बी.ए. दुसरं वर्ष, मुदखेडकडची. स्टँडवरून येताना एक माणूस भरदिवसा तिच्या मागं लागायचा. एकदा त्यानं हात धरला. ती रडत माझ्याकडे आली. मी म्हटलं, ऑफिसात लेखी दे, चौकशी लावू. तिनं दिलं. अक्षर सुरेख, मायना बिनचूक. आणि मजकूर? रस्त्यावरचे दिवे बंद असल्याने विद्यार्थिनींची गैरसोय होते, तरी दिवे बसवावेत. तक्रारीचा अर्ज म्हणून आपण वर्गात तेवढाच पाठ करून घेतो ना?

दिवे लागले. अभ्यासक्रम किती उपयोगी, म्हणून आपण पेपरात बातमीही दिली. बातमी वाचून मी तिला बोलावलं. म्हटलं, अगं, हे काय लिहिलंस?

ती म्हणाली, "आपल्या मनानं लिवलं की मार्क जातेत, मॅडम. मला वाटलं, अर्ज असाच ऱ्हातो. कुणीतरी बोलवून इचारील."

मग तिनं खरं काय ते लिहून दिलं. चौकशी समितीनं काय विचारलं, ठाऊक आहे? आधीच्या अर्जात दिवे होते, आता माणूस कुठून आला? प्रकरण तिथंच मिटलं. तिचे वडील रामकिशनभाऊ तिला घरी घेऊन गेले. मी गावी जाऊन त्यांना खूप विनवलं. ते शांतपणे म्हणाले, "तुमच्याच लोकायनं तिला खोटं ठरवलं, मॅडम. आता कुणाच्या भरवशावर धाडू?" मी एकटीच परत आले. तिला पुढं शिकायचं होतं. दिवाळीनंतर तिचं लग्न लावून दिलं. तो माणूस अजून स्टँडवरच असतो. आता उजेड आहे, त्यामुळं संध्याकाळीही थांबतो.

सर, तुमच्या कष्टांविषयी मला आदर आहे. तुम्हा उभयतांना उदंड आयुष्य लाभो. पण आपण या पोरांना लिहायला शिकवलं, असं मला म्हणवत नाही.

संयोजकांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलं, याबद्दल आभारी आहे. प्रसंग सोडून काही जास्त बोलले असेन, तर आपण मोठ्या मनानं पदरात घ्यावं. शिवकन्येनं घ्यावं, असं म्हणायला मला तोंड नाही.