प्लास्टिकचा जिताडा

खाडीच्या खाऱ्या पाण्यात माझं गळाचं रीळ गंजत कसं नाही, विचारतोस ना? श्रावणामुळे रे. महिनाभर घरात मासे बंद, म्हणून मी बाळकुमच्या खाडीवर गळ टाकायलाही जात नाही. रीळ गोड्या पाण्याने धुवायचं, तेल द्यायचं, एवढंच काम. परवा खाडीतल्या जिताडा माशाला भुलवायचे प्लास्टिकचे मासेसुद्धा धुतले आणि ओट्यावर सुकत ठेवलेले. तेवढ्यात विठ्ठलवाडीहून सासूबाई आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या.

"अगं, श्रावणात ओट्यावर मासे?" त्यांनी लेकीला विचारलं.

"आई, खोटे आहेत ते," मी म्हटलं. "जिताडा फसवायला."

त्यांनी एक उचलून नीट निरखला. "आणि फसतो?"

बायको कणीक मळता मळता म्हणाली, "नाही गं. इतक्या वर्षांत फसलेली तू पहिलीच."