एक वाचणारी, एक दाबणारी

अंबाजी: या देशात आजवर ज्या ज्या वस्तू निघाल्या आणि बुडाल्या, त्या एकाच कारणानं बुडाल्या. त्यांना तेजश्री अंबाजी सूर्यवंशी ही मॅनेजर लाभली नाही. गुरुवारच्या मुलाखतीत हे वाक्य असंच म्हणायचं. मान वर करून.

तेजश्री: अप्पा, आत्ता तुम्ही पॅनेल आहात. पॅनेल घरच्या दिवाणावर ताट घेऊन शेंगा सोलत बसत नाही.

अंबाजी: पॅनेलला भूक लागत नसती का?

तेजश्री: प्लीज. माझा सराव घेणारा चिन्मय आज नाहीये म्हणून तुम्हाला बसवलंय. वहीत सरावाच्या बत्तीस केस झाल्या, ही तेहतिसावी. प्रश्न वाचा. मी पंचेचाळीस मिनिटं बोलणार. मध्ये बोलायचं नाही.

अंबाजी: हौ. प्रश्न. "साठीच्या पुढच्या लोकांसाठी गजराचं घड्याळ तयार करा." बोल.

तेजश्री: थँक यू. आधी मी युजरचे तीन गट करते. एकटे राहणारे, मुलांकडे राहणारे आणि...

अंबाजी: त्यांना गजर कैकू?

तेजश्री: मध्ये बोलायचं नाही, ठरलंय.

अंबाजी: मी साठीच्या पुढचाच आहे. चारला उठून बसतो. गजर व्हायला मीच लागतो, तुझी आई माझ्यावर वैतागून उठती. आम्हाला गजर नको. उठल्यावर सहापर्यंत करायचं काय, ते कुणीतरी सांगा.

तेजश्री: तुम्ही केस मोडलीत.

अंबाजी: एका शेंगेत मोडली. कच्चीच होती.

तेजश्री: मस्करी नक्को, अप्पा. तीन कंपन्यांनी नाही म्हटलंय. चार वर्षं मी दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरच्या चुका शोधत बसलेय, दिवसाला वीस. मला एकदा स्वतः ठरवायचंय काय बनवायचं ते. आणि मागच्या कंपनीनं काय लिहिलं माहितीय? "उमेदवार उत्तर चांगलं देतात, प्रश्न विचारत नाहीत."

अंबाजी: बरोबर लिहिलं.

तेजश्री: थँक यू व्हेरी मच.

अंबाजी: ऐक तर. सिकंदराबादच्या चौकशी खिडकीवर मी चौतीस वर्षं बसलो. माणूस येतो, विचारतो, गाडी किती लेट? नवा क्लार्क सांगतो, चाळीस मिनिटं. माणूस तिथंच उभा. का? त्याला चाळीस नको होते. त्याला विचारायचं होतं, चहा पिऊन येऊ का, पोराला बाथरूमला नेऊ का. मी म्हणायचो, जा, चहा पिऊन या, समोसा खाऊ नका. समोसा खाण्याइतकी लेट नाही. माणूस खूश.

तेजश्री: ...हे चांगलं आहे.

अंबाजी: आहेच. लिहून घे. पुढचा प्रश्न. "तुम्ही स्वतः बनवलेली एक वस्तू आणि तिचं पुढं काय झालं ते सांगा." सांग.

तेजश्री: तो सोडा. त्याला मी काहीतरी तयार करतेय.

अंबाजी: तयार कशाला? तू मंडळाच्या गणपतीच्या जेवणाचा ॲप केला होतास की. कोणत्या घरचे किती जेवणार, त्याची नोंद. मंडळाच्या अध्यक्षांनी, नामदेवरावांनी, स्टेजवर नारळ दिला तुला.

तेजश्री: एकशे नव्वद घरं, आणि नोंदी आल्या अकरा. त्यातल्या चार माझ्या, टेस्टिंगच्या. तो नारळ सांत्वनाचा होता.

अंबाजी: पण जेवण कमी पडलं नाही.

तेजश्री: हो, तेच मला कळलं नाही. अकरा नोंदींवर अडीचशे लोक कसे जेवले?

अंबाजी: मी आचाऱ्याला परस्पर अडीचशे सांगितलं होतं.

तेजश्री: अप्पा! म्हणजे तुमचा माझ्या ॲपवर विश्वास नव्हता.

अंबाजी: विश्वास होता. भूक पण होती.

तेजश्री: गुरुवारी हे सांगू? मी वस्तू बनवली, कुणी वापरली नाही, वडिलांनी आचाऱ्याला फोन केला?

अंबाजी: कुणी वापरली नाही, हे तुला कुणी सांगितलं?

तेजश्री: आकडा सांगतो ना.

अंबाजी: आकडा माझ्या खिडकीवर पण होता. चाळीस. थांब, मलकपेठला मंडळातल्या सावित्रीबाईंना फोन लावतो. तुझा ॲप त्यांच्यासाठीच होता ना? म्हाताऱ्या माणसांना सोपा, सगळा मराठीत? स्पीकरवर टाक. तू विचार. उत्तर देऊ नको.

सावित्रीबाई: हॅलो, कोण? अंबाजीराव! काय हो, कुणी गेलं का?

अंबाजी: कुणी गेलं नाही, सावित्रीबाई. तेजूला तुमच्याशी बोलायचंय.

तेजश्री: नमस्कार, मावशी. गणपतीत जेवणाच्या नोंदीचा ॲप होता ना, तो तुम्ही का नाही वापरला?

सावित्रीबाई: वापरला की गं! असं कसं म्हणायलीस?

तेजश्री: तुमचं नाव यादीत नाहीये.

सावित्रीबाई: आमच्या मृण्मयीच्या फोनवर केलं. माझ्या बटणाच्या फोनमध्ये कुठं मावतंय ते. तिला म्हणलं, वाच. ती म्हणली, आजी, हे तर मराठीत आहे. नात माझी तेलुगू वाचती, इंग्रजी वाचती, उर्दूत भांडती. मराठीत फक्त भूक लागली एवढं म्हणती.

अंबाजी: आमच्याकडं पण तसंच आहे.

तेजश्री: अप्पा, श्श. मग मावशी?

सावित्रीबाई: मग काय, मी वाचायची, ती दाबायची. "कुटुंबप्रमुखाचं नाव." ती म्हणली, आजी, ते म्हणजे कोण? मी म्हणलं, मी. आजोबा आतून ओरडले. मग "मूळ गाव" आलं. तिला माहीतच नव्हतं की आपण देगलूरकडचे. त्यावरून मग सगळंच निघालं. तुझे पणजोबा कसे आले, घोड्याच्या रेसच्या नादात शेत कसं घालवलं, सगळं. अर्धा तास बसलो आम्ही दोघी. एरवी ती पाच मिनिटं माझ्याजवळ टिकत नाही.

तेजश्री: आणि शेवटी? शेवटच्या पानावर काय केलंत?

सावित्रीबाई: शेवटी कुकरची शिट्टी झाली. मी उठले. तिला म्हणलं, दाब आता. तिनं दाबलं.

तेजश्री: कोणतं बटण? डावीकडचं की उजवीकडचं?

सावित्रीबाई: ते तिला विचार. पण जेवायला आलोच की आम्ही. आपल्या मंडळात कुणी नाव नोंदवून जेवतंय का? बरं, पुढच्या वेळी पण ठेव गं तो ॲप. तिला आजीचं माहेर विचारायचं राहिलंय.

अंबाजी: ठेवला फोन त्यांनी. काय झालं? लॅपटॉप कैकू उघडलास?

तेजश्री: थांबा... मी पक्क्या नोंदी पाहिल्या. रद्द झालेल्या पाहिल्याच नाहीत.

अंबाजी: किती?

तेजश्री: सत्तेचाळीस. सत्तेचाळीस घरं अगदी शेवटच्या पायरीपर्यंत आली, अप्पा. सरासरी वेळ सव्वीस मिनिटं. आणि रद्द.

अंबाजी: सगळ्यांचे कुकर एकदम झाले?

तेजश्री: सगळ्या ॲपमध्ये "हो" उजवीकडे असतं. मी उजवीकडे "रद्द करा" ठेवलं. वाचता येणारी उठून गेली, दाबणारीनं सवयीनं दाबलं. आणि रंग पण दोन्हींचा एकच.

अंबाजी: कोणता?

तेजश्री: भगवा. गणपती होता म्हणून.

अंबाजी: दिवसाला वीस चुका शोधणारी बाई.

तेजश्री: दुसऱ्यांच्या!

अंबाजी: मग आता ते काहीतरी तयार करायलीस, ते सांगणार का हे?

तेजश्री: हे सांगितलं तर म्हणतील, हिला साधी दोन बटणं लावता येत नाहीत.

अंबाजी: म्हणू दे. दुसऱ्यांदा विचारायला गेलेली तर दिसशील.

(गुरुवार, संध्याकाळ. बरकतपुऱ्यातलं तेच घर, तोच दिवाण.)

अंबाजी: पाणी पी आधी. नाही म्हणले तर पाचवी कंपनी. गच्चीबावलीत कंपन्यांना काय तोटा आहे.

तेजश्री: ऐका तर. सगळं सांगितलं. अकरा नोंदी, भगवी बटणं, कुकर. आचाऱ्याला फोन पण.

अंबाजी: तो कशाला!

तेजश्री: त्यावर सगळ्यात जास्त हसले. मग एका मॅडमनी विचारलं, तुमचा युजर नक्की कोण? आधी मी तीन गट करून दिले असते. मी म्हटलं, एक माणूस नाहीच. एक वाचणारी आहे आणि एक दाबणारी. दोघी मिळून एक युजर.

अंबाजी: अरे वा.

तेजश्री: मग म्हणाल्या, सोपं आहे, इंग्रजी करून टाका, नात एका मिनिटात भरेल. मी म्हटलं, मॅडम, मग ती आजीकडे जाईल कशाला? मी बटणं बदलेन, रंग बदलेन. मराठीखाली तेच मराठी इंग्रजी अक्षरांत देईन. म्हणजे नातीला वाचता येईल, अर्थ मात्र आजीलाच विचारावा लागेल.

अंबाजी: आणि त्या काय म्हणल्या?

तेजश्री: खाली बघून लिहीत होत्या. मग दुसरे सर म्हणाले, हा रद्दच्या यादीत बघायचा विचार कुठून आला? मी म्हटलं, माझे वडील रेल्वेच्या चौकशी खिडकीवर चौतीस वर्षं होते. आणि चहा-समोशाची गोष्ट सांगितली. ते उठले आणि बोर्डवर लिहिलं, "समोसा खाण्याइतकी लेट नाही."

अंबाजी: बोर्डवर?

तेजश्री: मोठ्या अक्षरात. इंग्रजीत.

अंबाजी: रेल्वेनं मला चौतीस वर्षांत एक घड्याळ दिलं. ते पण मागं चालायचं. बरं, निकाल कधी?

तेजश्री: लिफ्टपर्यंत पोचतेय तोवर परत बोलावून सांगितलं. एक तारखेपासून, अप्पा.

अंबाजी: एक तारखेपासून.

तेजश्री: अप्पा?

अंबाजी: हौ, हौ. ऐकलं. म्हणजे मॅनेजर. हाताखाली किती माणसं?

तेजश्री: एक पण नाही. प्रॉडक्ट मॅनेजरच्या हाताखाली कुणी नसतं. इंजिनियर वेगळे, डिझाइनवाले वेगळे. कुणाला हुकूम सोडता येत नाही. सगळ्यांना पटवून, गोड बोलून काम करून घ्यायचं. आणि बिघडलं की जबाबदारी आपली.

अंबाजी: म्हणजे तुझी आई.

तेजश्री: हो. तेच पद.

अंबाजी: मी खाली किराणावाल्याला सांगितलं, मुलगी मोठी साहेबीण झाली म्हणून.

तेजश्री: मी आत्ता आले! कधी सांगितलंत?

अंबाजी: सकाळी नऊला. नामदेवरावांना साडेनऊला. सावित्रीबाई तर पेढे घेऊन निघाल्या असतील.

तेजश्री: आणि त्यांनी नाही म्हटलं असतं तर?

अंबाजी: तर कंपनीला म्हणलो असतो, तुमची चूक झाली, परत बघा. रद्दच्या यादीत.

तेजश्री: अप्पा... बोला ना काहीतरी. मस्करी सोडून.

अंबाजी: काय बोलू? जरा उठ, बेटा. मघापासून पेपरवर बसलीयस. सकाळपासून एक ओळ वाचली नाही मी.