काटेकरचा मालक

अरे हळू बोल ना, या टेक्सासच्या फ्रिस्कोत घराच्या भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा — हो, तोच आहे, शिंगांचा सरडा, हॉर्न्ड लिझर्ड. तू बायॉलॉजीवाला, बघताक्षणी ओळखलंस. आम्ही याला काटेकर म्हणतो. हस की जरा, सत्यजित! बरं, नको हसूस. बस त्या स्टुलावर. खिचडी केलीय, देते, पण आधी ऐक — शैलेंद्र ऑफिसातून यायच्या आत ऐक.

लेबर डेला आम्ही ॲबिलीनच्या पुढे फिरायला गेलो होतो, तिथे रस्त्याच्या कडेला आरोहीला हा दिसला. शैलेंद्र म्हणाला, सोड तिथेच. मी म्हटलं, असू दे हो, पोरीला ना भाऊ ना बहीण — आणि आणला की बुटाच्या खोक्यात घालून. आता खरं सांगू? पोरगी चार दिवसांत विसरली. मीच बसते याच्यापाशी. एच-फोरवरची, नवऱ्याच्या व्हिसाला जोडून आलेली बाई, नोकरी करायची नाही, गाडी अजून हायवेला घालवत नाही — मग करायचं काय दिवसभर? याच्याशी बोलते. तो ऐकतो. मध्येच डोळे मिटतो, पण ते शैलेंद्रही करतो.

मुंग्या खातो हे नेटवर वाचलं. मग काय, सोप्पंच! आमच्या आईने जन्मभर मुंग्यांना साखर घातली, मीही मागच्या अंगणात घातली — ही रांग लागली! लालभडक, चपळ. ब्रशने डब्यात भरल्या आणि दिल्या याच्या पेटीत सोडून. पुण्य कसलं रे, साखरेने बोलवायचं आणि मारायला द्यायचं! पण झालं उलटंच. सकाळी बघते तर हा कोपऱ्यात अंग चोरून बसलेला आणि त्याच याला तोडताहेत. फायर अँट्स, त्या चावऱ्या जहरी! मला कुठे माहीत मुंगीत मुंगी असते ते? हे मनगट बघ माझं, काढताना कसं फोडलंय. तेव्हापासून हा खात नाही. पोट बघ, खपाटीला गेलंय. याच्या मुंग्या वेगळ्या का? गवताचं बी गोळा करणाऱ्या? त्या इथे मिळत नाहीत? मग — जगायचा नाही म्हणतोस?

थांब, ते नंतर. आज सकाळी शाळेतून फोन आला. आरोहीने वर्गात सांगितलं, माय मॉम हॅज अ हॉर्नी टोड — इकडची माणसं याला तेच म्हणतात. टीचर गोड बोलत होती, अगदी गोड — हा टेक्सासचा प्राणी आहे, लॉने प्रोटेक्टेड आहे, घरी ठेवता येत नाही, मी वाइल्डलाइफ डिपार्टमेंटला कळवलंय, दुपारी कुणीतरी येईल. लॉ! डिपार्टमेंट! ग्रीन कार्ड अगदी तोंडाशी आलंय रे आमचं, फिंगरप्रिंटसुद्धा झालेत, आणि हल्लीचे दिवस कसे, तुला माहीतच आहेत — लोक साधं सिग्नल तोडायला घाबरतात. एका सरड्यापायी नवऱ्याची नोकरी, पोरीची शाळा, सगळं गुंडाळायला लागलं तर? शैलेंद्रला काय तोंड दाखवू?

म्हणून तुला बोलावलं. तुझा आहे म्हण. रिसर्चचा आहे, काकूंकडे ठेवला होता — बस्स, एवढंच. काय? त्याला परमिट लागतं? तुझ्याकडे नाही? अरे पण तू स्टुडंट, तुला कोण काय करणार? व्हिसा... हो. तुलाही आहेच की व्हिसा. कळतं रे मला. तुझी आई फोनवर म्हणाली होती, आमच्या सत्यजितकडे लक्ष असू द्या — पण नाही म्हणू नकोस. कारण मी सांगून बसलेय. टीचरला. तोंडातून निघूनच गेलं, इट इज नॉट अवर्स, एका स्टुडंटचा आहे म्हटलं. तिने नाव विचारलं. मी सांगितलं. स्पेलिंगसकट सांगितलं.

असा बघू नकोस. शिव्या घाल, पण असा बघू नकोस. मी वाईट नाही रे, मी घाबरले — पेटी कशाला उचललीस? सत्यजित? कुठे निघालास? तू... तू सांगणार आहेस त्यांना? तुझा आहे म्हणून?

बेल वाजली. वाजली ना? अगं बाई — दारात युनिफॉर्मवाला आहे.

ठेव ती. ठेव म्हणते ना खाली! सरक, तिकडे जाऊ नकोस, किचनमधून मागच्या गेटने नीघ. मी सांगते त्यांना — माझाच आहे, मीच आणला, खोटं बोलले, भ्याले म्हणून बोलले. इंग्रजीत कसं म्हणू हे? असू दे, येईल तसं म्हणेन. तू नीघ. तुझ्या आईची शपथ आहे तुला, मागे वळून बघू नकोस — जा ना रे!

कमिंग, सर! कमिंग —