सरळ केलेलं छप्पर

कलोपचाराच्या, म्हणजे चित्रकलेतून मनावर उपचार करण्याच्या अभ्यासक्रमाच्या, तोंडी परीक्षेसाठी बाकावर दोन मैत्रिणी थांबल्या होत्या. शेजारी त्याच अभ्यासक्रमाचा प्रवेशअर्ज भरणाऱ्या तरुणाचं पेन त्यांचं बोलणं कानावर पडताच मध्येच थांबलं.

“अहवाल झालाय ना? मग सारखा उघडून काय बघतेयस?”

“माझ्याकडे उपचाराला येणाऱ्या आजोबांनी घर काढलं होतं, कललेल्या छपराचं. मी ते सरळ केलं.”

“पेशंटच्या चित्राला हात लावलास?”

“इतकी वर्षं चित्रं काढतेय. हात आपोआप गेला गं.”

“अहवालात लिहिलंयस?”

“नाही.”

“मग तोंडाला कुलूप लाव. कोणाला कळतंय?”

“आजोबांना कळलं. म्हणाले, ‘छान झालं, पोरी. आता हे तूच घरी ने.’ त्यानंतर त्यांनी ब्रश धरलेला नाही.”

दार उघडलं. “पुढचं कोण?”

ती उठली. अहवालासोबत तिने पिशवीतलं आजोबांचं गुंडाळलेलं चित्रही घेतलं.