राजाचा कर आणि प्राचीचं वाक्य

मी कराडची. म्हणजे कराडच्या पलीकडं, नदी ओलांडली की आमचं गाव, तिथली. वडील शिंपीकाम करायचे, आणि लग्नसराईत गावातल्या देशमुखांकडं मशीन डोक्यावर घेऊन जायचे, त्यांच्या ओसरीवर बसून सगळ्या घरादाराचे कपडे शिवायचे, चहा वेगळ्या कपात. मी काजं करायला बरोबर असायची, म्हणून शिलाई हातात बसली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं त्यात तू कुणाच्या बाजूची असं तुम्ही विचाराल, मी स्वतःला पण विचारलं, तर मी जन्मानं त्या ओसरीवरची आहे, आतल्या माजघरातली नाही.

लग्न झालं. आमचे हे भोसरीला टूलरूममध्ये होते, त्यांना जर्मनीत वोल्फ्सबुर्गच्या बाजूला एका छोट्या कारखान्यात काम मिळालं, मार्क जाऊन युरो आला त्याच सुमाराला. शहरात भाडं परवडेना म्हणून बाहेर खेड्यात घर घेतलं, हाझलरोड नावाचं. काय सांगू तुम्हाला, इतकं शांत गाव की कुकरची शिट्टी झाली तरी मला चोरट्यासारखं व्हायचं. दुपारनंतर बस नाही, रविवारी तर नाहीच. मी घरात, हे कामावर, आणि प्राची, आमची मुलगी, शाळेत जायची आणि एक शब्द न बोलता परत यायची. शाळेतून बोलावणं आलं, पोरगी वर्गात तोंडच उघडत नाही म्हणाले. मला तरी कुठं भाषा येत होती, मी नुसती मान हलवून आले.

मग मी गावातल्या ड्रायक्लीनरकडं कपडे दुरुस्तीचं काम धरलं. तिथं एक दिवस एक म्हातारी बाई कोटाचं अस्तर बदलायला घेऊन आली. उंच, काटकुळी, पाठ अशी ताठ की बघणारा आपोआप नीट उभा राहील. त्या फ्राऊ फॉन हाझलरोड, फ्राऊ म्हणजे आपल्याकडं बाई म्हणतात तसं. गावाचं नाव आणि त्यांचं आडनाव एकच, पूर्वी सगळं गावच त्यांच्या घराण्याचं. आता जमिनी विकून झालेल्या, मूलबाळ नाही, नवरा गेलेला, एवढ्या मोठ्या हवेलीत दोनच खोल्या त्या गरम ठेवायच्या. प्राची कोपऱ्यात बसलेली बघून त्यांनी विचारलं, हिला वाचता येतं का. मी मान हलवली, नाही. तर म्हणाल्या, फ्राऊ कदम, हिला दुपारची माझ्याकडं पाठवा.

अशी तीन-चार वर्षं प्राची त्यांच्याकडं जात होती बघा. पैसे घ्यायचं नाव नाही. मी आपली थालीपीठ नेऊन द्यायची, त्या सुरी-काट्यानं खायच्या. पोरगी त्यांना ओमा म्हणायला लागली, म्हणजे आजी, आणि मी पण मराठीतून आजीच म्हणायची, त्यांना ते आवडायचं. पण झालं काय, प्राची जर्मन शिकली ती त्यांच्यासारखी, जुन्या बड्या घरची. शाळेत कुणाला धक्का लागला तर ही म्हणायची, मी आपली क्षमा याचते. पोरं हसून लोळायची. तिला महाराणी नाव ठेवलं. वाढदिवसाला कुणी बोलवायचं नाही. घरी येऊन चिडायची, माझ्याशी मराठी बोलायचं तर तिनं तेव्हापासूनच सोडलं.

आजींनी तिला आणि मला घराण्याची गोष्ट सांगितली ती चर्चमध्ये नेऊन. तिथं भिंतीत एक दगड आहे, त्यावर एक बाई कोरलेली, अनवाणी, अंगावर नुसता आतला पातळ कपडा. ती त्यांची पूर्वज, आडेलहाइड. कितीतरी शतकांपूर्वी राजा लढाईला निघालेला आणि त्यानं सगळ्या सरदारांवर कर बसवला, चांदीत द्या म्हणाला. त्या साली गारांनी पीक झोपलेलं. हाझलरोडच्या सरदाराकडं द्यायला काही नाही. राजाची माणसं अंगणात येऊन उभी, चांदी नसेल तर गावाचं बियाणं आणि बैल नेतो म्हणाली. तेव्हा ही आडेलहाइड, नवी सून, बाहेर आली आणि लग्नातला चांदीच्या तारेचा झगा सगळ्यांदेखत अंगावरून उतरवून तिनं राजाच्या माणसांपुढं टाकला, दागिने टाकले, आणि तशीच अनवाणी घरात गेली. बियाणं वाचलं. आजी सांगताना त्या दगडाकडं बघायच्या नाहीत, आमच्याकडं बघायच्या, पटलं का आम्हाला ते बघायच्या. म्हणाल्या, आमची जमीन गेली, पैसा गेला, हे एवढं राहिलं.

या गोष्टीचं नाटक गाव दर काही वर्षांनी उन्हाळ्यात करतं, हवेलीच्या अंगणातच. फुटबॉलचा वर्ल्ड कप इकडं झाला ना, घराघरांवर झेंडे होते, त्या उन्हाळ्यात परत करायचं ठरलं. शाळेत हेर ब्रांट म्हणून तरुण मास्तर नवीन आले होते, त्यांनी लिहायला घेतलं. झग्याचं काम माझ्याकडं आलं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू, गावानं पहिल्यांदा काही मागितलं होतं माझ्याकडं. आणि प्राचीला पण काम मिळालं, शेतकऱ्यांच्या पोरांमध्ये, एक वाक्य एकटीनं बोलायचं. त्या दिवसापासून पोरी तिला घरी बोलवायला लागल्या. आजींनी तर स्वतःच्या आईच्या झग्याची चांदीची लेस काढून मला दिली, म्हणाल्या, ही लावा, आडेलहाइडला खोटं काही नको.

लेस अर्धी लावून झाली होती. मी मशीनवर, आणि प्राची आरशासमोर तिचं वाक्य घोकतेय. माझं ध्यान शिलाईवर, पण ती तेच तेच म्हणतेय म्हटल्यावर अर्थ डोक्यात शिरला. ती म्हणत होती, बाईसाहेब, आमचं बियाणं कुठंय? मी मशीन थांबवलं. म्हटलं, बियाणं तर वाचलं होतं ना? तर तिनं मला जर्मनमधून सांगितलं, तसं नाही झालं आई, हेर ब्रांट म्हणतात एका झग्यात राजाची फौज पोसत नाही, बाकीचं कुठून आलं? आमच्याकडून आलं. सरदारांनी गावाचं बियाणं दिलं, आणि झग्याची गोष्ट नंतर रचली. शेतकऱ्यांच्या घरात म्हाताऱ्या माणसांना माहीत आहे, त्या वर्षी लोकांनी झाडांच्या साली उकडून खाल्ल्या. आमच्याकडून, असं म्हणाली पोरगी. कराडची कदमांची पोरगी.

खरं सांगू का, ऐकताच मला वाटलं, असंच झालं असणार. माझ्या वडिलांच्या डोक्यावर मशीन होतं, मला काय कुणी शिकवायला पाहिजे? आणि दुसरीकडं आजींची लेस माझ्या मांडीवर पडलेली.

मी जाऊन आजींना सांगितलं. नाटकातच कळलं असतं तर त्यांना धक्का बसला असता. त्यांनी कोट घातला आणि म्हणाल्या, मला हात द्या. फायरब्रिगेडच्या हॉलमध्ये नाटकवाल्यांची सभा होती, तिथं आम्ही गेलो. सगळे उठून उभे राहिले, खुर्ची दिली, कॉफी दिली. हेर ब्रांट वाईट माणूस नाही हो, अगदी अदबीनं बोलत होते. आजी उभ्या राहूनच बोलल्या. म्हणाल्या, मला गरीब म्हणा, गर्विष्ठ म्हणा, पण आडेलहाइडला चोर म्हणू नका, तिला उत्तर देता येत नाही. मास्तर म्हणाले, फ्राऊ फॉन हाझलरोड, त्या शेतकऱ्यांनाही इतकी शतकं उत्तर देता आलं नाही.

मग मास्तरांनी लिहिलंय तसंच नाटक करायचं म्हणणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. एकेक हात वर जात गेला, बेकरीवाली, पोस्टमन, आजींच्या शेजारचा माळी पण. मला कुणी विचारलं नाही, मी समितीत नव्हते, आणि विचारलं असतं तर कुठला हात वर केला असता, मला अजून माहीत नाही. मास्तर म्हणाले, तुमची लेस परत करतो. आजी म्हणाल्या, आमच्या घरात दिलेलं परत घेत नाहीत.

घरी येऊन मी प्राचीला म्हटलं, तू यातून बाहेर पड. ती नाही म्हणाली. ओरडली नाही, नुसतं नाईन म्हणाली आणि खोलीचं दार लावलं. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, अगं त्यांच्या राजाचं आणि सरदाराचं भांडण, त्यात आपण कोण, उद्या इथंच राहायचंय आपल्याला. तेही खरं. मी लेस पूर्ण लावली. काय करणार.

आणि एका दुपारी प्राचीला आणायला हवेलीत गेले तर दारातूनच मला आवाज आला. पोरगी रडवेली झालेली, सांगत होती वाटतं की मी नाटक सोडते. आणि आजी खुर्चीत बसून तिला म्हणत होत्या, म्हण बघू. ती पुटपुटली, बाईसाहेब, आमचं बियाणं कुठंय. आजी म्हणाल्या, नाही, शेवटचा शब्द गिळू नकोस, शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, परत. पोरगी परत म्हणाली. परत. तिसऱ्यांदा वाक्य असं स्वच्छ आलं की भिंतीवरून घुमलं. आजींनी मान हलवली, गेनाऊ म्हणाल्या, आता बरोबर. मी दारात तशीच उभी, मला आत जाववेना आणि मागं फिरवेना.

नाटकाच्या दिवशी आजी आल्या. पहिल्या रांगेत, त्यांच्याच अंगणात, त्यांना पाहुण्यासारखी खुर्ची. आडेलहाइडचं काम करणारी पोरगी झगा घालून पायऱ्या उतरली तेव्हा उन्हात लेस अशी चमकली की लोकांच्या तोंडून आवाज निघाला. मग प्राची पुढं झाली आणि तिचं वाक्य म्हणाली. मी आजींकडं बघत होते. हात मांडीवर, पाठ ताठ, चेहऱ्यावर काहीच नाही. टाळ्या झाल्या, खूप झाल्या. नंतर सगळे येऊन आजींचा हात हातात घेऊन गेले, मास्तरांनी लेसबद्दल आभार मानले. कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. कुणी वाईट बोललं असतं तर त्यांना भांडता तरी आलं असतं, असं मला वाटतं.

त्यानंतर त्या चर्चला जायच्या बंद झाल्या. प्राचीला म्हणाल्या, तुला आता येतं सगळं, मैत्रिणींबरोबर खेळ. हिवाळ्यात पडल्या, कंबरेचं हाड मोडलं, पुतण्यानं हॅम्बुर्गहून येऊन हवेली विकायला काढली आणि त्यांना ब्राउनश्वाइगच्या वृद्धाश्रमात ठेवलं. पाठोपाठ डोकं पण काम देईना. आता मला ओळखत नाहीत. तिथली नर्स खोलीत आली की उठून उभ्या राहतात, अंगातलं स्वेटर काढतात, हातातली अंगठी काढायला बघतात, आणि तिच्यापुढं धरतात. घ्या म्हणतात, हे घ्या आणि गावाला हात लावू नका. नर्स बिचारी घाबरते. मी स्वेटर परत घालते, बटणं लावते. थोड्या वेळानं परत तेच.

प्राची एकदा माझ्याबरोबर आली होती. ते बघून बाहेर जाऊन जिन्यात बसली, नंतर आली नाही. मी तिला बोल लावत नाही. तिनं कुणाचं काय वाईट केलं? मास्तरांनी तरी काय केलं? राजाला मरून किती काळ झाला, त्याला तर कुणी काही विचारतच नाही.

बियाणं वाचलं होतं का गेलं होतं ते मला कुठून कळणार ताई. मी रविवारी जाते, हे गाडीनं सोडतात आणि खाली थांबतात. आजींचे केस पांढरे शुभ्र, अजून लांब आहेत, नर्सला विंचरायला वेळ नसतो. मी तेल लावते, कराडहून आईनं पाठवलेलं, हळूहळू गुंता सोडवते आणि वेणी घालते. तेवढा वेळ त्या डोळे मिटून गप्प बसतात, कुणाला काही द्यायला उठत नाहीत. देवानं त्यांना असंच डोळे मिटलेले असताना न्यावं, माझं एवढंच मागणं आहे.