मास्तरांचा खालचा ओठ

बायको : अहो, तोंड उघडा आधी! काल नव्या दातासाठी जबड्यात हाड भरलं, स्क्रू बसवला, टाके घातले, आणि आज त्याच तोंडात टाचण्या?

मास्तर : ओरडू नकोस गं. बाही जोडताना हात आपोआप तोंडाकडे जातो. जन्माची सवय.

बायको : शिंप्याची सवय गेली चुलीत! काढा सगळ्या.

मास्तर : काढल्या. या बघ, टाचण्यांच्या उशीत खोचल्या.

बायको : आणि ती ओठाला लोंबतेय ती?

मास्तर : कुठे?

बायको : कुठे काय! घुसलीय चांगली. थांबा, हलू नका... काढली. अगं बाई, रक्त! तुम्हाला कळलंसुद्धा नाही?

मास्तर : काढलीस पण?

बायको : काल रात्री तर म्हणालात, भूल उतरली.

मास्तर : तुझा चेहरा बघून म्हणालो. आत ठणकतंय मरणाचं, पण ओठाला पत्ताच नाही. घरात भांडण आणि दारात सामसूम! सकाळी पाणी प्यायलो, ते सदऱ्यावर. हा ओठ असाच मेलेला राहिला तर गं? भीती वाटतेय मला.

बायको : मग बोलायचं ना! डॉक्टरांना लावते फोन.

(फोन स्पीकरवर.)

डॉक्टर : टाचण्या? माझ्या टाक्यांच्या शेजारी? मास्तर, तुमच्या चालू मशिनीत मी चमचा घातला तर चालेल?

बायको : हेच म्हणतेय मी!

मास्तर : हसवू नका हो, टाके ओढतात... आई गं!

डॉक्टर : सुन्नपणा उतरला नाही हे कालच कळवायला हवं होतं. आज दुपारी या, तपासते. तोवर एक करा. ताई, हात धुऊन या. मास्तर, डोळे मिटा. ताई बोट टेकवतील, कळलं की सांगा.

बायको : टेकवू?

मास्तर : टेकव की.

बायको : टेकवलंय कधीचं.

मास्तर : मेलो!

बायको : शुभ बोला! आता?

मास्तर : नाही.

बायको : आता?

मास्तर : थांब. तिथेच. मुंग्या... मुंग्या आल्यात गं!

बायको : खोटं नाही ना बोलत? माझा चेहरा बघून?

मास्तर : डोळे मिटलेत बये, चेहरा कुठला बघू!

बायको : डॉक्टर, मुंग्या आल्या! मुंग्या!

डॉक्टर : ऐकलं, सगळ्या इमारतीने ऐकलं. छान लक्षण आहे. सगळा ओठ जागा व्हायला वेळ लागेल, पण लागला म्हणून घाबरू नका. दुपारी या. आणि टाचण्या उशीतच!

बायको : ठेवला त्यांनी फोन. उघडा डोळे.

मास्तर : थांब, बोट काढू नकोस. गार आहे. ओलं आहे... आणि थरथरतंय.

बायको : थरथरणारच. मला कुठे भूल दिली होती?